विस्मृत ऋण : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी आठ दिवस राहून आम्ही सहकुटुंब बंगळुरूस परतलो आणि दहाव्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींना ताप भरला. पहिले दोन दिवस गवती चहा आणि सुंठीचा काढा यांवर निभावून नेले. तिसऱ्या दिवशी तापमापकाने १०४ अंशांचा आकडा दाखविला, तेव्हा मात्र आमचा धीर सुटला. कोरमंगल्यातील ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, ते वयाने तरुण पण नजरेने पक्के होते. त्यांनी काखेजवळचा एक बारीकसा काळा खपलीचा डाग शोधून काढला, गावी गवतातून हिंडणे झाले होते काय एवढेच विचारले आणि रक्ततपासणीचा निष्कर्ष हाती येण्याची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो स्क्रब टायफस होता, हे तपासणीने मागाहून सिद्ध केले.

कोरमंगल्याच्या केंद्रीय सदनात आमचे कार्यालय आहे. ही हकीकत आम्ही तेथे दुपारचा डबा खाताना सांगत होतो. आमचे एक तेलुगू सहकारी ती शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले की, ज्या गोळीने तुमच्या घरचा ताप उतरविला, तिचे मूळ आमच्या गोदावरीकाठच्या एका मुलापर्यंत जाऊन पोहोचते; आणि मग त्यांनी आम्हांला सुब्बारावांचे नाव ठाऊक आहे काय, असे विचारले. आम्ही बी. ए. झालो ते इतिहास घेऊन. लढायांचे सन आम्हांला आजही मुखोद्गत आहेत. परंतु हे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. त्या दिवशी वाटलेली शरम हीच या लेखामागील प्रेरणा होय. पुढे वर्षभर जे वाचले, जे जाणत्यांना विचारून समजून घेतले, ते मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नाही, ही मर्यादा वाचकांनी ध्यानी घ्यावी.

चरित्राकडे वळण्यापूर्वी या रोगाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण टायफस आणि टायफॉइड या दोन नावांत आपल्यापैकी पुष्कळांचा घोटाळा होतो. टायफॉइड म्हणजे आपला विषमज्वर. तो दूषित अन्नपाण्यातून होतो. टायफसला मराठी वैद्यकग्रंथांत प्रलापक सन्निपात ज्वर असे भारदस्त नाव आहे आणि त्याचा अन्नपाण्याशी संबंध नाही. तो अंगावरील किड्यांमार्फत पसरतो. आमच्या घरी आलेला स्क्रब टायफस हा त्या कुळातील एक भाऊबंद. झाडाझुडपांतल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याने होणारा. या कुळातील सर्वांत क्रूर म्हणजे उवांमार्फत पसरणारा साथीचा टायफस. डोक्यातील उवा आपल्याला परिचित आहेत. परंतु हा रोग पसरविणारी ऊ निराळी. ती अंगावरील कपड्यांच्या शिवणींत राहते. जेथे थंडी आहे, बदलायला दुसरा कपडा नाही, धुवायला पाणी नाही आणि माणसे दाटीवाटीने कोंडलेली आहेत, तेथे ती फोफावते. म्हणून हा रोग युद्धाच्या, दुष्काळाच्या आणि तुरुंगांच्या मागोमाग चालत आला. १८१२ साली रशियावर चालून गेलेल्या नेपोलियनच्या सेनेत त्याने हाहाकार माजविला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत रशियात या रोगाने लक्षावधी माणसे मेली. १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत ॲन फ्रँक नावाची पंधरा वर्षांची मुलगी आणि तिची बहीण मरण पावल्या, त्या छावणीत टायफसचेच थैमान चालू होते. औषधावाचून या रोगात वयोमानाप्रमाणे शंभरांतील दहापासून चाळीसपर्यंत माणसे दगावत.

ऊ रोग पसरविते, या शोधाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातूनही गेलेला आहे. १९०७ साली नाशिक येथील एका मिशनच्या वसतीत उलटून येणाऱ्या तापाची साथ उद्भवली. तिची पाहणी करणाऱ्या मॅकी या इंग्रज लष्करी डॉक्टराच्या ध्यानात आले की, मुलींपेक्षा मुलग्यांत ताप कितीतरी अधिक आहे आणि मुलग्यांच्याच कपड्यांत उवाही अधिक आहेत. त्या उवांच्या पोटात त्याला तापाचे जंतू सापडले. तो ताप टायफसहून निराळा. परंतु ऊ माणसामाणसांत रोग वाहून नेते, हे त्यावरून दिसून आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, ट्युनिस येथे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने टायफसही उवांमुळेच पसरतो असे सप्रयोग सिद्ध केले. त्यास १९२८ चे नोबेल पारितोषिक लाभले. रोगाचे जंतू शोधण्याच्या कामी हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये आणि स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक १९१५ मध्ये याच रोगाला बळी पडले. या दोघांची नावे त्या जंतूला मिळाली. रोगाचे कारण कळले. औषध मात्र कोणाजवळच नव्हते. उवा मारणे आणि कपडे उकळणे एवढाच उपाय वैद्यांच्या हाती होता.

अशा त्या काळात, १२ जानेवारी १८९५ रोजी, आंध्रातील भीमवरम येथे एका गरीब ब्राह्मण कुटुंबात सुब्बारावांचा जन्म झाला. वडील जगन्नाथम् यांना प्रकृती साथ देत नसल्यामुळे नोकरीतून लवकर निवृत्त व्हावे लागले. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. या मुलाचे अभ्यासात चित्त नव्हते. तेरा वर्षांचा असताना तो घरातून पळाला आणि काशीची वाट धरली. यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावे, असा त्याचा बेत होता. आई वेंकम्मा यांनी त्याला वाटेतून परत आणविले. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत तो दोनदा अनुत्तीर्ण झाला. वडील वारले, तरीही त्या माउलीने आपले दागिने मोडून मुलाला मद्रासला शिकावयास धाडले. तिसऱ्या प्रयत्नात मॅट्रिक झाल्यावर या तरुणाला रामकृष्ण मिशनचा ओढा लागला आणि त्याने संन्यास घेण्याचे मनात आणले. आईने संमती नाकारली. मिशनमधील साधूंनीही त्यास वैद्यक शिकून लोकांची सेवा करण्याचा सल्ला दिला. आईच्या एका नकारातून जगाचे केवढे हित साधले, याचा विचार करताना मन थक्क होते.

मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना महात्मा गांधींच्या हाकेला ओ देऊन सुब्बाराव खादी वापरू लागले. शस्त्रक्रियेच्या वर्गात ते खादीचा झगा घालून गेले आणि इंग्रज प्राध्यापकांची मर्जी त्यांच्यावरून उडाली. परीक्षेअंती हाती आली ती एम. बी. बी. एस. ऐवजी एल. एम. एस. ही खालच्या दर्जाची पदवी. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांत उभा जन्म काढला आहे, त्यांना एका शेऱ्याने माणसाच्या आयुष्याची दिशा कशी पालटते हे निराळे सांगावयास नको. याच सुमारास घरावर दुसरा घाला आला. स्प्रू या अतिसाराच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. शरीर अन्न खाते, परंतु ते अंगी लागत नाही आणि माणूस रक्त आटून खंगत जातो, असा तो रोग. शिकलेला डॉक्टर घरात असून त्याला काही करता आले नाही. स्वतः सुब्बारावांनाही त्या रोगाने गाठले होते, डॉ. अचंट लक्ष्मीपती या आयुर्वेदज्ञांच्या उपचारांनी ते बरे झाले. पुढे त्यांच्याच प्रयत्नाने सुब्बारावांना मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्याचे काम मिळाले.

१९१९ मध्ये शेषगिरी या मुलीशी त्यांचा विवाह झाला होता. सासऱ्यांचे साहाय्य आणि एका धर्मादाय निधीची मदत घेऊन त्यांनी अमेरिकेला जाण्याचे ठरविले. शिकून परत यावयाचे, असाच घरातील सर्वांचा समज होता. पत्नीला आणि आईला मागे ठेवून ते निघाले आणि २६ ऑक्टोबर १९२२ रोजी बोस्टन येथे उतरले. त्यांचे वय सत्तावीस होते.

येथे टायफसचा धागा पुन्हा हाती लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील ज्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात सुब्बाराव दाखल झाले, त्याचे प्रमुख डॉ. रिचर्ड स्ट्राँग होते. हेच स्ट्राँग १९१५ साली सर्बियातील टायफसच्या भीषण साथीत अमेरिकन पथकाचे नेतृत्व करून आलेले होते. त्या साथीत दीड लाखांहून अधिक माणसे दगावली. रुग्णांची सेवा करणारे कित्येक डॉक्टरही गेले. स्ट्राँग यांच्या पथकाने तेथे माणसांना आंघोळी घातल्या, कपडे वाफेवर निर्जंतुक केले आणि साथीला आवर घातला. कारण त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. ज्या गुरूला टायफसपुढे केवळ वाफ आणि साबण घेऊन उभे राहावे लागले, त्याच्याच दारात तो शिष्य आला होता, ज्याच्या प्रयोगशाळेतून पुढे त्या रोगावरचे औषध निघावयाचे होते. अर्थात त्या दिवशी हे दोघांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आरंभीचे दिवस फार हलाखीचे होते. हिंदुस्थानातील पदवीला तेथे मान नव्हता. शिष्यवृत्तीही नव्हती. पोटासाठी सुब्बारावांनी एका इस्पितळात रात्रपाळीचे हलके काम पत्करले. रुग्णांची शौचपात्रे स्वच्छ करणे हा त्याचाच भाग होता. दिवसा अभ्यास आणि रात्री ही चाकरी. इकडे भारतात शेषगिरींना पुत्र झाला आणि बाल्यातच तो गेला. पित्याने त्याचे मुखही पाहिले नाही.

उष्णकटिबंधीय वैद्यकाची पदविका संपादून सुब्बाराव जीवरसायनशास्त्राकडे वळले आणि सायरस फिस्क यांच्या हाताखाली काम करू लागले. १९२५ मध्ये या दोघांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरसाचे प्रमाण मोजण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. जगभरच्या महाविद्यालयांतून जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही ती फिस्क-सुब्बाराव पद्धती म्हणून शिकतात. त्याच मोजणीच्या आधारे १९२७ मध्ये त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले आणि १९२९ मध्ये ए. टी. पी. या द्रव्याची ओळख पटविली. जर्मनीत लोमान यांनाही ते त्याच सुमारास स्वतंत्रपणे सापडले. आपण पाऊल उचलतो, श्वास घेतो, हा लेख वाचतो, या प्रत्येक क्रियेला लागणारी शक्ती या द्रव्यातून पुरविली जाते. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. कायम प्राध्यापकपद मात्र हार्वर्डने त्यांना दिले नाही. स्वतःच्या कामाचे श्रेय मागण्याची कला त्यांना अवगत नव्हती, आणि ती शिकण्याची इच्छाही त्यांना कधी झालेली दिसत नाही.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. आयुष्याची उरलेली आठ वर्षे त्यांनी अशी वेचली की, एखाद्या मोठ्या संस्थेने शंभर वर्षांत जे करावे, ते त्यांच्या हाताखालील मंडळींनी त्या आठ वर्षांत केले. पहिली गोष्ट फॉलिक ॲसिडची. या जीवनसत्त्वाचा माग प्रथम मुंबईत लागला होता. १९२८ साली तेथे आलेल्या ल्यूसी विल्स या इंग्रज बाईंना असे आढळले की, पंडुरोगाने मरणोन्मुख झालेल्या गरोदर स्त्रियांना यीस्टच्या अर्काने जीवदान मिळते. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे कोडे मागे राहिले होते. सुब्बारावांच्या चमूने १९४५ मध्ये ते द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, आणि स्प्रूच्या रुग्णांना ते देताच त्यांच्या अंगी रक्त भरू लागले. ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्याच रोगावरील हे औषध. भावांना जाऊन तोपर्यंत पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती. हत्तीपाय रोगावरील हेट्राझान हे औषधही १९४७ मध्ये याच प्रयोगशाळेने दिले. आमच्या विदर्भात हत्तीपाय निर्मूलनासाठी घरोघर वाटल्या जाणाऱ्या डी. ई. सी. गोळ्या म्हणजे तेच औषध होय.

आता टायफसच्या औषधाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनने चमत्कार घडविले. परंतु टायफसपुढे ते निष्प्रभ ठरले. याचे कारण जाणत्यांनी आम्हांला सोप्या शब्दांत सांगितले. टायफसचे जंतू रक्तात उघडे फिरत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींत शिरून ते तेथेच वाढतात. पेनिसिलिनचा मारा जंतूच्या बाहेरील भिंतीवर असतो आणि पेशीच्या आत ते पुरेसे पोहोचत नाही. घरात दडून बसलेल्या चोराला रस्त्यावरच्या शिपायाने पकडावे, तसा तो प्रकार. सल्फा औषधे तर रोग वाढवीत. म्हणून पेशीच्या आत शिरेल आणि तेथे जंतूची वाढ थांबवील, असे औषध हवे होते.

त्याचा शोध मातीत चालला. मातीतील बुरशीसारखे सूक्ष्म जीव परस्परांना मारण्यासाठी द्रव्ये निर्माण करतात, हे तोवर कळले होते. सुब्बारावांच्या पाठिंब्याने लेडर्लेत ठिकठिकाणची माती मागवून तपासण्यास प्रारंभ झाला. या कामावर बेंजामिन डुगर यांची नेमणूक झाली होती. हे वनस्पतिशास्त्रज्ञ विद्यापीठातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. निवृत्तीकडे डोळे लावून बसलेल्या आमच्यासारख्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड नावाच्या जुन्या प्रयोगशेतातील गवताच्या एका वाफ्यातून आलेल्या मातीत १९४५ मध्ये डुगर यांना एक सोनेरी रंगाचा सूक्ष्म जीव सापडला. त्याला ए-३७७ असा क्रमांक देण्यात आला. त्याच्यापासून मिळालेले पिवळे औषध म्हणजे ऑरिओमायसिन. लॅटिन भाषेत सोन्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले.

याच प्रयोगशाळेत हेरल्ड कॉक्स हे शास्त्रज्ञ होते. टायफसचे जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवून त्यांपासून लस करण्याची रीत त्यांनी १९३८ मध्ये शोधली होती. म्हणजे एका छपराखाली मातीचा जाणकार होता, टायफसचा जाणकार होता आणि दोघांच्या वर त्या दोघांनाही समजून घेणारा प्रमुख होता. कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्याने ऑरिओमायसिन टायफसकुळातील जंतूंवर अजमावून पाहिले. अंड्यांतील गर्भ आणि प्रयोगशाळेतील प्राणी वाचले. जंतूला प्रथिने बनविता येऊ नयेत, अशी या औषधाची रीत आहे, आणि मुख्य म्हणजे ते पेशीच्या आत शिरते. २१ जुलै १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या सभेत हे सर्व निष्कर्ष विद्वानांपुढे मांडण्यात आले. सुब्बारावांची अशा प्रसंगीची वृत्ती त्यांच्या सहकाऱ्यांना चांगली परिचित होती. ज्याने काम केले त्याला पुढे धाडावे आणि आपण सभागृहात मागे बसावे, असा त्यांचा शिरस्ता होता.

सत्यास धरून हेही सांगितले पाहिजे की, या लढाईत ऑरिओमायसिन एकटे नव्हते. व्हेनेझुएलातील मातीतून मिळालेले क्लोरोमायसेटिन हे औषध १९४७ च्या अखेरीस बोलिव्हियातील टायफसच्या साथीत रुग्णांना देण्यात आले होते आणि मृत्यूच्या दारातील माणसे त्याने उठून बसली. दोन्ही औषधे जवळजवळ एकाच वेळी जगाला मिळाली. १९४९ मध्ये मेक्सिकोतील टायफसच्या रुग्णांवर ऑरिओमायसिनने केलेल्या उपचारांचे अनुभव प्रसिद्ध झाले आणि तेही तितकेच समाधानकारक होते.

ते वाचावयास सुब्बाराव मात्र राहिले नव्हते. अकादमीच्या सभेनंतर तीन आठवडेही उलटले नव्हते. ९ ऑगस्ट १९४८ च्या सकाळी ते अंथरुणात मृत आढळले. झोपेतच हृदयक्रिया बंद पडली होती. वय त्रेपन्न. आम्ही स्वतः आता त्याच वयाच्या पलीकडे आलो आहोत, म्हणून हा आकडा वाचताना क्षणभर थबकलो. पंचवीसहून अधिक वर्षे अमेरिकेत काढूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नव्हते. आणि स्वतंत्र झालेला आपला देश त्यांना एकदाही पाहावयास मिळाला नाही.

त्यांच्या औषधाचा वंश मात्र वाढत गेला. ऑरिओमायसिनमधील क्लोरीनचा अणू काढून टाकून १९५३ च्या सुमारास टेट्रासायक्लिन तयार झाले आणि त्याच कुळात १९६० नंतरच्या दशकात डॉक्सिसायक्लिन जन्मास आले. हे दीर्घकाळ शरीरात टिकते. १९७४ मध्ये इथिओपियाच्या अदिस अबाबा येथील संशोधकांनी दाखवून दिले की, उवांच्या टायफसचा रुग्ण डॉक्सिसायक्लिनच्या एका मात्रेने बरा होऊ शकतो. या एका मात्रेचे महत्त्व शहरात राहणाऱ्यांना चटकन उमगणार नाही. निर्वासितांच्या छावणीत जेथे एक परिचारिका आणि हजार रुग्ण असतात, तेथे सात दिवस रोज चार वेळा गोळ्या देणे अशक्य असते. एकदाच औषध देऊन पुढच्या रुग्णाकडे जाणे शक्य असते. १९९७ मध्ये आफ्रिकेतील बुरुंडी देशात यादवीने विस्थापित झालेल्यांच्या छावण्यांत टायफसची मोठी साथ आली. चाळीस हजारांहून अधिक लोकांना तिने ग्रासले. तेथे हीच एका मात्रेची योजना उपयोगी पडली. सर्बियात जे स्ट्राँग यांच्या हाती नव्हते, ते बुरुंडीतील साध्या दवाखान्यातही होते. बोस्टनच्या त्या विद्यालयापासून बुरुंडीच्या छावणीपर्यंतचा हा प्रवास पंचाहत्तर वर्षांचा आहे.

एवढे लिहून आम्ही लेखणी खाली ठेवली असती; परंतु एक गोष्ट मनाला सोडीत नाही. या चरित्राला एक दुसरी बाजू आहे आणि ती भारतात राहिलेल्या दोन स्त्रियांची आहे. वेंकम्मांनी दागिने मोडले, संन्यासाला नकार दिला, मुलाला सातासमुद्रापलीकडे जाऊ दिले. शेषगिरींनी मूल गमावले आणि पतीच्या परतण्याची वाट पाहण्यात तारुण्य घालविले. त्यांच्याकडे परत जाण्याचा विचार सुब्बारावांच्या मनात आला नसेल असे नाही. हाती घेतलेले काम संपत नव्हते, असे त्यांचे चाहते म्हणतात. त्यात तथ्य असेलही. परंतु ए. टी. पी. पासून ऑरिओमायसिनपर्यंतच्या यादीत त्या दोघींच्या त्यागाची नोंद कोठेही नाही. जगाचे ऋण सुब्बारावांनी फेडले. घराचे ऋण फिटले असे आम्हांला म्हणवत नाही. ते औषध पुढे भारतात आले, गोदावरीकाठीही पोहोचले; ज्याची वाट पाहिली जात होती, तो मात्र आला नाही.

हे आम्ही दोष देण्याच्या बुद्धीने लिहीत नाही. आपण सर्व जण घर सोडून आलेले आहोत. पन्नास वर्षांपूर्वी कोरमंगला हा गावाबाहेरचा भाग होता, तेव्हा ज्यांनी चार घरे गोळा करून या मंडळाचा पहिला गणपती बसविला असेल, त्यांच्याही मागे कोणीतरी वाट पाहणारे होतेच. आज आपली मुले तर याहूनही दूर गेली आहेत. दूर जाण्यावाचून मोठे काम होत नाही, हे सुब्बारावांच्या चरित्रावरून दिसते. आणि दूर जाण्याची किंमत बहुधा मागे राहिलेले देतात, हेही त्याच चरित्रावरून दिसते. दोन्ही गोष्टी एकदम मनात बाळगणे कठीण आहे, परंतु तसे केले पाहिजे.

१९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. त्याआधी आणि त्यानंतर त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच आढळते. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. आमच्या घरात मात्र आता ते नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या आजारानंतर सौभाग्यवतींनी उरलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट बरेच दिवस देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले होते. कशासाठी, असे आम्ही विचारले नाही. पुढच्या वर्षी गावी गेलो, तेव्हा गवतात जाण्यापूर्वी पायांत लांब मोजे घालण्याची आठवण त्यांनीच आम्हांला केली. आणि येताना आईजवळ ठरल्यापेक्षा चार दिवस अधिक राहण्याचेही त्यांनीच ठरविले. रजेचा अर्ज आम्ही तेथूनच धाडला.